इंडक्शन मोटरला कंट्रोल कोणता लावावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकण असो, वाळूज असो की कुपवाड, एमआयडीसीतल्या बहुतेक शेडमध्ये काम ओढते ती तीन फेजची स्क्विरल केज इंडक्शन मोटरच. मोटर तीच, पण तिच्यापुढे डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणारा स्टार्टर), स्टार-डेल्टा (सुरुवातीला वाइंडिंगला कमी आणि मग पूर्ण व्होल्टेज देणारा), सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा) की व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावायचा, यावरून मालक, मेंटेनन्सवाले आणि पॅनेलवाले यांचं एकमत क्वचितच होतं. कोटेशनच्या आधी आणि बिघाडानंतर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

५० एचपीची मोटर आहे. काय लावू, सरळ सांगा ना?

शाफ्टला काय जोडलंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. एचपी हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. सेंट्रिफ्युगल पंप आणि पंख्यांना सुरुवातीला टॉर्क जवळजवळ लागतच नाही. स्पीड वाढेल तसा तो वर्गाच्या पटीत वाढत जातो. भरलेला कन्व्हेयर, होइस्ट, एक्स्ट्रूडर, पिस्टन कॉम्प्रेसर यांना पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क हवा असतो. तिसरा प्रकार जड चाकांचा: खडी क्रशर, फ्लायव्हीलची पॉवर प्रेस, साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्युगल मशीन, मोठा ब्लोअर. यांना टॉर्कइतकाच वेळही लागतो, आणि तेवढा वेळ मोटर तापत असते.

म्हणून आधी तीन गोष्टी लिहून काढा. लोड यापैकी कुठल्या प्रकारचा आहे, चालताना स्पीड बदलायची गरज आहे का, आणि तासाला किती वेळा चालू-बंद होणार. एवढं हातात आलं की चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

डीओएल जुनाट झालं का?

अजिबात नाही. मोटर छोटी असेल, ट्रान्सफॉर्मर दमदार असेल आणि यंत्राला झटका सोसत असेल, तर डीओएलइतकं टिकाऊ आणि स्वस्त दुसरं काही नाही. एक कॉन्टॅक्टर (सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच), एक ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), संपलं. रात्री दोनला बिघाड झाला तरी कुठलाही वायरमन दुरुस्त करतो.

दोष एकच, सुरुवातीचा करंट. ३७ किलोवॅटच्या, म्हणजे ५० एचपीच्या मोटरचा फुल लोड करंट ४१५ व्होल्टवर साधारण ६५ अँपियर असतो. डीओएलवर तो क्षणभर त्याच्या सहा-सात पट, म्हणजे ४०० अँपियरच्या घरात जातो. शेडमधले दिवे मंद होतात, शेजारच्या मशीनचे कॉन्टॅक्टर सुटतात. नव्या आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या) मोटरी चालताना वीज कमी खातात, पण सुरुवातीला जुन्यांपेक्षा जास्त ओढतात. त्यामुळे मोटर बदलल्यावर जुना ब्रेकर विनाकारण ट्रिप होऊ लागला, तर मोटरमध्ये दोष शोधण्याआधी ब्रेकरचं मॅग्नेटिक सेटिंग (किती करंटला तो तत्काळ ट्रिप होतो ती मर्यादा) पाहा.

स्टार-डेल्टाने करंट किती कमी होतो? आणि टॉर्क?

दोन्ही एक तृतीयांश. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट मिळतात. त्यामुळे लाइनचा करंट डीओएलच्या एक तृतीयांशावर येतो, आणि टॉर्कही तेवढाच घटतो. वरच्या मोटरचा ४०० अँपियरचा झटका १३० ते १५० वर येतो. मोकळा पंप यात निवांत उचलला जातो. भरलेला कन्व्हेयर मात्र जागचा हलत नाही, नुसता गुणगुणत राहतो.

दोन अटी आहेत. मोटरची सहाही टोकं बाहेर हवीत, आणि नेमप्लेटवर ४१५ व्होल्टला डेल्टा लिहिलेलं हवं. लहान मोटरी बरेचदा ४१५ ला स्टारच असतात, तिथे हा स्टार्टर लावायचा विषयच नाही. रिले सेट करतानाही एक घोळ नेहमीचा आहे. ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवला असेल, तर त्याचं सेटिंग फुल लोड करंटच्या ५८ टक्के ठेवायचं. ६५ अँपियरच्या मोटरला ३८. तिथे नेमप्लेटचा आकडा जसाच्या तसा लावला, तर मोटर जळेपर्यंत रिले हलणार नाही.

स्टारवरून डेल्टावर जाताना दणका बसतो. टायमर वाढवू की कमी करू?

क्लॅम्प मीटर लावून बघितल्याशिवाय काहीच करू नका. टायमरवर बोट ठेवून अंदाजाने फिरवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे.

समजा ब्लोअर आहे. बटण दाबल्यावर मीटर वर जातो आणि थोडा वेळ तिथेच रेंगाळतो. मग काटा हळूहळू उतरतो, ब्लोअरचा आवाज चढत जातो आणि एका पातळीवर स्थिरावतो. ती वेळ आली की लगेच डेल्टा व्हायला हवा. त्याआधी बदललं, म्हणजे १५०० च्या मोटरने हजार फेरेही गाठलेले नसताना, तर डेल्टात जवळजवळ डीओएलएवढाच करंट उसळतो आणि स्टारची सगळी मेहनत वाया जाते. उलट आवाज स्थिरावूनही मोटर स्टारमध्येच ठेवली, तर ती कमी व्होल्टेजवर लोड ओढत फुकट तापते. आणि आवाज मधल्याच स्पीडला अडकून पुढे चढत नसेल, तर टायमरचा इलाजच नाही. स्टारचा टॉर्क त्या ब्लोअरला अपुरा आहे. सक्शनचा डॅम्पर बंद ठेवून चालू करून बघा, नाहीतर पद्धतच बदला.

टायमर अगदी बरोबर असला तरी थोडा दणका राहतोच. कॉन्टॅक्टर बदलताना मोटर क्षणभर सप्लायपासून तुटते. पण रोटरमधलं चुंबकत्व लगेच मरत नाही, ते स्टेटरमध्ये स्वतःचं व्होल्टेज बनवत राहतं. डेल्टा कॉन्टॅक्टर बसतो तेव्हा हे व्होल्टेज आणि सप्लाय एकमेकांच्या विरुद्ध असले, तर करंटचं टोक डीओएलच्याही वर जाऊ शकतं. कपलिंगचे रबर लवकर झिजतात, याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

मग सॉफ्ट स्टार्टर स्टार-डेल्टापेक्षा सरस ना?

झटक्याच्या बाबतीत हो, टॉर्कच्या बाबतीत नाही. ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

सॉफ्ट स्टार्टर एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या जोड्यांनी व्होल्टेज हळूहळू चढवतो. त्यात करंट व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होतो, पण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा डीओएलवर करंट सहा पट आणि टॉर्क दुप्पट आहे. स्टार-डेल्टात लाइन करंट दोन पट होतो आणि टॉर्क फुल लोडच्या ६७ टक्के मिळतो. तेवढाच ६७ टक्के टॉर्क सॉफ्ट स्टार्टरकडून हवा असेल, तर करंट साडेतीन पट मोजावा लागतो. आणि करंट लिमिट तीन पटीवर बांधली, तर टॉर्क फुल लोडच्या निम्म्यावर येतो. म्हणजे लाइनच्या प्रत्येक अँपियरमागे जुना स्टार-डेल्टाच जास्त टॉर्क देतो!

तरी आम्ही पंपांना सॉफ्ट स्टार्टरच सुचवतो, तो थांबण्याच्या वेळेसाठी. उंच टाकीला पाणी चढवणारा पंप एकदम बंद पडला की पाण्याचा स्तंभ मागे येतो, एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आपटतो आणि पाइपात वॉटर हॅमर, म्हणजे पाण्याचा दणका, बसतो. जॉइंट गळायला लागतात ते यामुळेच. सॉफ्ट स्टॉपमध्ये व्होल्टेज दहा-पंधरा सेकंदांत उतरवलं की हा आवाज ऐकू येत नाही. याखेरीज तीन कॉन्टॅक्टर, सहा केबली आणि टायमर यांची कटकट जाते.

घेताना आत बायपास कॉन्टॅक्टर (मोटर उचलली की एससीआर टाळून थेट सप्लाय देणारा) आहे का, हे विचारा. आणि तासाला किती स्टार्ट चालतील, ते कॅटलॉगमध्ये बघा. एससीआर जळतात ते बहुधा वारंवार चालू केल्यामुळे.

सॉफ्ट स्टार्टरने स्पीड कमी-जास्त करता येईल का?

नाही. तो फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. फ्रिक्वेन्सी ५० आणि पोल ४ असतील, तर चुंबकीय क्षेत्र १५०० नेच फिरणार आणि मोटर १४४० ते १४८० च्या दरम्यान धावणार.

व्हीएफडी आत नेमकं काय करतो?

आधी एसीचं डीसी करतो. ४१५ व्होल्टचं शिखर पकडलं की डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट साठतात. मग आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी ती फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बनवतो. फ्रिक्वेन्सीच हातात आल्यामुळे मोटरला खालच्या स्पीडवरूनच, कमी स्लिपमध्ये (चुंबकीय क्षेत्र आणि रोटर यांच्या स्पीडमधल्या कमी फरकात), उचलता येतं. म्हणून फुल लोड करंटच्या आसपासच फुल लोड टॉर्क मिळतो. करंटच्या हिशेबात बाकी कुठलीही पद्धत याच्या जवळपास येत नाही.

व्हीएफडीमध्ये व्ही बाय एफ, व्हेक्टर, डीटीसी असे कंट्रोल मोड असतात: यातलं कुठलं निवडायचं?

व्ही बाय एफ म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर कायम ठेवणं. ४१५ भागिले ५० म्हणजे प्रत्येक हर्ट्झला ८.३ व्होल्ट. मोटरमधला फ्लक्स त्यामुळे ठरावीक राहतो. अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला मात्र स्टेटरच्या रेझिस्टन्समध्येच बरंचसं व्होल्टेज खर्च होतं आणि टॉर्क मरतो, म्हणून बूस्ट द्यावा लागतो. बूस्ट जास्त झाला तर मोटर उभ्या उभ्या तापते. पंप, पंखा, ब्लोअर यांना एवढं पुरेसं आहे. एका ड्राइव्हवर चार-पाच मोटरी चालवायच्या असतील तर हाच मोड ठेवा, आणि प्रत्येक मोटरला वेगळा ओव्हरलोड रिले द्या.

व्हेक्टरमध्ये ड्राइव्ह मोटरचा करंट दोन भागांत वेगळा करून बघतो: एक फ्लक्स बनवणारा, दुसरा टॉर्क देणारा. डीसी मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर वेगळे असल्यामुळे जी सोय आपोआप होती, ती इथे गणिताने आणली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांनी ही पद्धत मांडली. पण मायक्रोप्रोसेसर स्वस्त होईपर्यंत ती कारखान्यांत सर्रास वापरता येण्याजोगी नव्हती. एक्स्ट्रूडर, मिक्सर, भरलेला कन्व्हेयर, होइस्ट यांना हीच हवी. ऑटोट्यून (ड्राइव्हकडून मोटरची मोजणी) केल्याशिवाय मात्र व्हेक्टर मोड लावू नका. मोटरचा खरा रेझिस्टन्स ड्राइव्हला माहीत नसेल, तर व्ही बाय एफपेक्षाही वाईट चालेल. शून्य स्पीडला लोड धरून ठेवायचा असेल तर एन्कोडर (शाफ्टचं फिरणं मोजणारा सेन्सर) बसवा.

डीटीसीची, म्हणजे डायरेक्ट टॉर्क कंट्रोलची, कल्पना जपानच्या ताकाहाशी आणि नोगुची यांनी १९८६ मध्ये मांडली, जर्मनीच्या डेपेनब्रॉक यांनीही त्याच सुमारास तशीच पद्धत विकसित केली, आणि १९९५ मध्ये एबीबीने ती बाजारात आणली. यात वेगळा मॉड्युलेटर नसतो. फ्लक्स आणि टॉर्क ठरलेल्या पट्ट्यात राहावेत म्हणून पुढचा स्विच कुठला, हे दर क्षणी थेट ठरवलं जातं. टॉर्कचा प्रतिसाद फार जलद मिळतो. पेपर मशीन किंवा रोलिंग मिलमध्ये हा फरक जाणवेल. बाकी ठिकाणी व्हेक्टर की डीटीसी ही चर्चा मुख्यतः ब्रोशरमध्येच होते. कोटेशनची तुलना करताना यापेक्षा सर्व्हिस इंजिनीअर किती लांबून येणार, ते विचारा.

व्हीएफडी लावला की वीजबिल किती कमी होईल?

पंखा किंवा ब्लोअर असेल आणि आज तुम्ही डॅम्पर अर्धा मिटून चालवत असाल, तर खूप. पंख्याची पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० चे ४० हर्ट्झ केले की स्पीड ८० टक्के, आणि पॉवर जेमतेम ५१ टक्के. डॅम्परवर चालवताना आणि ड्राइव्हवर चालवताना मीटरवर १० किलोवॅटचा फरक दिसला आणि वर्षाला ६,००० तास काम असलं, तर ६०,००० युनिट वाचले. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, ड्राइव्ह किती महिन्यांत फिटतो ते कळेल.

पंपाला हाच हिशेब लावताना जपून. टेकडीवरच्या टाकीला ४० मीटर उभी चढण आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना पंप ६० मीटर हेड देतो, असं समजा. हेड स्पीडच्या वर्गाच्या पटीत घटतो. ४१ हर्ट्झच्या खाली गेलात की पंप ४० मीटरही दाब देऊ शकत नाही. मोटर फिरते, ड्राइव्हवर कमी किलोवॅट दिसतात, सगळे खूश, आणि टाकीत थेंब पडत नाही. पंपातलं पाणी तेवढं तापत राहतं. अशा ठिकाणी घनाचा नियम दाखवून केलेला बचतीचा तक्ता मागे सारा.

आणि जी मोटर दिवसभर पूर्ण स्पीडने, पूर्ण लोडवर चालते, तिला ड्राइव्ह लावून काहीच वाचत नाही. उलट ड्राइव्ह स्वतः दोन-तीन टक्के खातो.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर तसाच ठेवून पुढे ड्राइव्ह जोडला तर?

नको. ड्राइव्ह चालू असताना मागचा कॉन्टॅक्टर सुटला की आयजीबीटीवर संकट. स्टार्टर काढा, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या लावून डेल्टा पक्का करा आणि ड्राइव्हच्या तीन केबली थेट आणा. अशीच दुसरी सवय म्हणजे इनपुट कॉन्टॅक्टर मारून ड्राइव्ह चालू-बंद करणं. दरवेळी डीसी बसचे कपॅसिटर नव्याने भरतात आणि चार्जिंगचा रेझिस्टर जातो. स्टार्ट-स्टॉप कंट्रोल टर्मिनलवरून द्या.

मोटर किती हर्ट्झपर्यंत खाली चालवता येते?

पंखा-ब्लोअर असेल तर २० हर्ट्झलाही सहसा अडचण नाही, कारण लोडच उतरलेला असतो. कन्व्हेयर-मिक्सरचं तसं नाही. टॉर्क तेवढाच, म्हणजे करंटही तेवढाच. पण मोटरच्या शाफ्टवरचा कूलिंग फॅन मंदावलेला असतो. २५ हर्ट्झखाली सतत चालवायचं असेल, तर वेगळ्या सप्लायवरचा फोर्स्ड कूलिंग फॅन बसवा आणि वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) घाला. सबमर्सिबल पंपाच्या मोटरला ३० हर्ट्झ ही खालची मर्यादा माना. तिचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या थरावर तरंगतं, आणि मंद स्पीडला तो थर बनत नाही. ५० च्या वर नेलं की व्होल्टेज वाढू शकत नाही, फ्लक्स पातळ होतो आणि टॉर्क घटत जातो.

ड्राइव्ह लावल्यापासून मोटर दोनदा भरून (रिवाइंड करून) आणली. असं का?

पहिला संशय केबलच्या लांबीवर घ्या. ड्राइव्हचं आउटपुट साइन वेव्ह नसतं, ते कडक पल्स असतात. लांब केबलच्या टोकाला ते परावर्तित होतात आणि मोटरच्या टर्मिनलवर डीसी बसच्या दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टच्या पुढचे टोकदार धक्के बसतात. पहिल्या काही वेढ्यांचं इन्सुलेशन त्यात फाटतं. बोअरवेलच्या लांब केबलवर हा त्रास हमखास होतो. आउटपुट चोक किंवा साइन फिल्टर लावा, आणि मोटर भरायला देताना ड्राइव्हवर चालणार असल्याचं रिवाइंडिंगवाल्याला स्पष्ट सांगा. तो दुहेरी कोटिंगची तार वापरेल.

बेअरिंग वारंवार जात असेल तर उघडून त्याची रेस बघा. धोब्याच्या पाट्यासारख्या बारीक समांतर रेघा दिसल्या, तर शाफ्टमधून करंट वाहतोय. मोठ्या मोटरला मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि शाफ्ट ग्राउंडिंग रिंग, हा त्यावरचा उपाय.

पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर बँक आहेच, ड्राइव्ह लावल्यावर तीच चालू द्यायची ना?

ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीही नाही, तो पहिल्याच स्टार्टला ड्राइव्ह उडवेल. मोटरजवळ जुना कपॅसिटर जोडलेला असेल तर आधी तो काढा.

मुख्य पॅनेलवरच्या बँकेचा प्रश्न वेगळा. नेहमीच्या सहा पल्सच्या ड्राइव्हमधून पाचवा आणि सातवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाच आणि सात पट फ्रिक्वेन्सीचा करंट) निघतो, आणि साधी बँक ट्रान्सफॉर्मरबरोबर नेमकी त्याच आसपास रेझोनन्समध्ये येऊ शकते. कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात. ड्राइव्हचा भार लक्षणीय असेल तर ७ टक्के डिट्यून्ड रिअॅक्टर असलेली बँक घ्या. तिचा रेझोनन्स १८९ हर्ट्झला, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या बराच खाली येतो. ड्राइव्हमध्ये डीसी चोक नसेल तर इनपुटला लाइन चोक लावा. महावितरण मोठ्या औद्योगिक ग्राहकांना केव्हीएएचवर (खराब पॉवर फॅक्टरही ज्यात मोजला जातो अशा युनिटवर) बिल देतं, त्यामुळे हा खर्च टाळून वाचलेले पैसे दुसऱ्या वाटेने जातात.

स्लिप रिंग मोटर (जिच्या रोटरला बाहेरून रेझिस्टन्स जोडता येतो ती) काढून टाकावी का?

क्रशरवरची चांगली चालत असेल तर घाई नको. रोटरमध्ये रेझिस्टन्स घातला की करंट मर्यादित राहून जास्तीत जास्त टॉर्क अगदी सुरुवातीलाच मिळतो. केज मोटरला हे ड्राइव्हशिवाय जमत नाही. पण तोच रेझिस्टन्स ठेवून स्पीड कमी करत असाल, तर हिशेब करा. ७० टक्के स्पीडला रोटरकडे पोचलेल्या पॉवरपैकी ३० टक्के पॉवर उष्णता होऊन जाते. तिथे व्हीएफडी विनाचर्चा.

क्रेन खाली येताना ड्राइव्ह ओव्हर-व्होल्टेजवर ट्रिप होतो. दोष ड्राइव्हचा का?

बहुधा नाही. लोड खाली येताना मोटर जनरेटर होते आणि वीज डीसी बसमध्ये परत ढकलते. साध्या ड्राइव्हला ती लाइनमध्ये परत देता येत नाही. बसचं व्होल्टेज ८०० च्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवतो. ही वीज उष्णता करून जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर बसवा, त्याच्या वॅटेजमध्ये काटकसर करू नका. दिवसभर चढ-उतार असेल तर अॅक्टिव्ह फ्रंट एंडचा (वीज लाइनमध्ये परत देणाऱ्या ड्राइव्हचा) विचार करा. आणि मेकॅनिकल ब्रेक ड्राइव्हच्या रिलेवरूनच सुटला पाहिजे, मोटरमध्ये टॉर्क तयार झाल्याची खात्री झाल्यावर.

उन्हाळ्यात ड्राइव्ह सारखे ट्रिप होतात.

पॅनेल उघडा असतो आणि समोर टेबल फॅन ठेवलेला असतो, बरोबर? ३७ किलोवॅटच्या ड्राइव्हमधून सुमारे एक किलोवॅट उष्णता निघते आणि ती बंद पेटीत कोंडते. दार उघडून फॅन लावला की तापमान उतरतं, पण फाउंड्रीची काळी धूळ किंवा सूतगिरणीतली रुई थेट हीटसिंकमध्ये जाऊन बसते. पॅनेल मोठा करा, खाली फिल्टर आणि वर एक्झॉस्ट द्या, आणि फिल्टर कोण साफ करणार त्याचं नाव दारावर लिहा.

ड्राइव्हला बायपास (ड्राइव्ह बंद पडला तर मोटर थेट सप्लायवर चालवायची सोय) ठेवू का?

पाणीपुरवठा, बॉयलरचा आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा), अशा थांबून न चालणाऱ्या ठिकाणी ठेवा. दोन्ही कॉन्टॅक्टरना इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल दोन्ही इंटरलॉक हवेत. सप्लाय ड्राइव्हच्या आउटपुटवर उलटा आला तर ड्राइव्ह गेलाच. मोटर बायपासवर असताना आत हात घालायचा असेल, तर ड्राइव्हचा सप्लाय वेगळा तोडा आणि सूचनेत दिलेली मिनिटं थांबून डीसी बस मीटरने मोजा, दिवा विझला एवढ्यावर विसंबू नका. मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावण्याआधी ड्राइव्हच्या तिन्ही आउटपुट केबली सोडवा. मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट ड्राइव्हच्या दिशेने गेले, तर मोटर चांगली निघते आणि ड्राइव्ह कामातून जातो.